वरचा हिशेब

वाढवण, वरोर, चिंचणी, धाकटी डहाणूपासून थेट तलासरीपर्यंतच्या गावांतून आलेल्या मंडळींनो,

मी वक्ता नव्हे. ३४ वर्षे सहकारी संस्थांची दप्तरे तपासली आणि शेरे मारले, एवढीच माझी कमाई. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची-माझी ओळखही हिशेबातूनच झाली. या वाचनालयाची वर्गणी चार आणे होती तेव्हापासून गुरुजी दर महिन्याचा जमाखर्च दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहीत. त्यात 'उंदराचा पिंजरा, १ नग' अशीही नोंद मी वाचली आहे. मी त्यांना म्हटले, गुरुजी, एवढे बारीक कशाला? ते म्हणाले, पिंजऱ्याला सुद्धा वर्गणीदाराचेच पैसे लागले ना.

दुसरी आठवण किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार संस्थेची. नाव सांगत नाही. कीर्द तपासताना बर्फाच्या खरेदीचे ३४० रुपयांचे व्हाउचर सापडेना. मी शेरा लिहायला घेतला. सचिव चिडले. म्हणाले, "साहेब, बर्फ वितळला, त्याची पावती कुठून आणू? आणि एक विचारू? निवडणुकीच्या आधी इथे जेटी बांधतो म्हणून नारळ फोडून गेले. पाच गाड्या होत्या, मंडप होता, दोनशे माणसांचं जेवण होतं. त्याचं व्हाउचर कोण मागतो?" मी शेरा लिहिलाच. पण त्यांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. निवृत्तीनंतर ते शोधायला लागलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या सचिवांना उशिरा दिलेले उत्तर समजा.

आपल्याकडे हिशेबाची शिस्त कशी आहे बघा. गावात नवरात्रीची वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते आणि मागाहून हिशेब द्यावा लागतो. मच्छीमार संस्थेचे लेखापरीक्षण दरवर्षी होते, सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि त्या सभेत कुणीही सभासद उठून डिझेल परताव्याचा हिशेब विचारू शकतो. ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या बाईने ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही, तर तिला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. कागदपत्रे भरून द्यायला कुणी मिळाले नाही म्हणून अशा नोटिसा आलेली माणसे तुमच्या-माझ्या ओळखीची आहेत.

एक पायरी वर चढा. आमदारकीच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, खासदारकीला ९५ लाख. हे आकडे जानेवारी २०२२ पासूनचे. अर्ज भरण्याआधी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे लागते. रोजची नोंदवही ठेवावी लागते आणि प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकासमोर ती तीनदा न्यावी लागते. जिल्हा निवडणूक कार्यालय चहा, वडापाव, खुर्ची, मंडप यांचे दरपत्रक काढते; वडा तुम्ही फुकट वाटला तरी तो त्या दराने तुमच्या खात्यात चढतो. माझ्यासारख्या माणसाला हे वाचून भरून येते.

आता आणखी एक पायरी वर चला, पक्षापर्यंत. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. किती खर्च करावा, यावर कायद्यात एक ओळ नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांचा हेलिकॉप्टरसकट प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितले होते, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच नावावर धरा. काही आठवड्यांत वटहुकूम निघाला, कायद्याला एक स्पष्टीकरण चिकटवले गेले आणि निकाल गुंडाळला गेला.

म्हणजे खाली वडापाव मोजतात आणि वर हेलिकॉप्टर मोजत नाहीत. कोणत्याही संस्थेत मी असे पाहिलेले नाही. संस्थेत शिपायाच्या पाच रुपयांपेक्षा अध्यक्षाच्या पाच हजारांकडे आम्ही आधी बघतो.

आणि जे मोजतात ते तरी किती खरे? जून २०१३ मध्ये मुंबईत एका पुस्तक प्रकाशनात भाजपचे नेते गोपीनाथ मुंडे बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला आपला ८ कोटी रुपये खर्च झाला. त्या वेळची मर्यादा २५ लाख होती आणि त्यांनी दाखवलेला खर्च २० लाखांच्या आत होता. निवडणूक आयोगाने नोटीस काढली; आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे त्यांनी कळवले आणि समज देऊन प्रकरण मिटले. मला त्या माणसाबद्दल राग नाही, उलट थोडे कौतुक आहे. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला जे ठाऊक होते ते एकाच्या तोंडून निघाले.

त्याच २००९ मधले दुसरे प्रकरण भोकरचे. मुख्यमंत्री अशोक चव्हाण विधानसभेला उभे होते. त्यांच्या गौरवाची पानेच्या पाने वर्तमानपत्रांत आली, आणि एकच मजकूर शब्दाला शब्द वेगवेगळ्या पत्रांत कसा आला हे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवले. चव्हाणांच्या हिशेबात वर्तमानपत्री जाहिरातीचा खर्च होता ५,३७९ रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हिशेब खरा आहे की नाही हे आयोगाला तपासता येते, असे न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. आयोगाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. शेवटी काय राहिले? ५,३७९. एवढ्यात आमच्या डहाणूच्या चिकूवाल्याची जाहिरात किती दिवस चालेल, त्यालाच विचारा.

तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक, पण वाढवणला हे का सांगता? इथे बंदराचा प्रश्न आहे.

म्हणूनच सांगतो. बंदराची फाईल बघा, ती कशी बोलते. जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणासाठी प्राधिकरण आले. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने एका परदेशी कंपनीच्या बंदराला नाही म्हटले. पुढे बंदर पुन्हा आले, आता जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचे (जेएनपीए) ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे २६ टक्के अशा भागीदारीत. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने हो म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा आहे.

तुमच्यातले कुणी या बंदराच्या विरोधात आहेत, कुणी नोकरीच्या आशेने बाजूने असतील. आज मला त्यात पडायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की प्रत्येक टप्प्याला एक कागद आहे. बोंबील कुठे जातील, समुद्रातल्या शंखोदराचे काय होईल, दागिन्यांचे साचे घडवणाऱ्या डायमेकरच्या घरातला धंदा टिकेल का, हे विचारायला जागा होती. उत्तर पटो न पटो, ते लिहून द्यावे लागले. पण एवढ्या मोठ्या कामाला हो किंवा नाही म्हणणारे सरकार ज्या पक्षांचे असते, त्या पक्षांना त्या वर्षांत पैसा कुणी दिला, हे विचारायला कुठल्याच जनसुनावणीत रकाना नाही. सत्ता बदलली की भाषण बदलते, हे इथल्या माणसाला मी सांगायला नको. भाषण का बदलले, याचा कागद मात्र कधीच मिळत नाही.

नीट ऐका, मी आरोप करत नाही. लेखापरीक्षक आरोप करत नाही. व्हाउचर नाही म्हणजे चोरी झाली, असे आम्ही कधी म्हणत नाही. व्हाउचर नाही म्हणजे चोरी झाली नाही असे सांगण्याची सोय उरत नाही, एवढेच म्हणतो. प्रामाणिक सचिवाला व्हाउचरची गरज लबाड सचिवापेक्षा जास्त असते.

पक्षांना पैसा कुणी द्यावा, हा प्रश्न आपल्या मुंबई उच्च न्यायालयात फार आधी उभा राहिला होता. १९५७ साल. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती हवी होती. कोटिचा नावाचे एक भागधारक विरोधात गेले. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर ते अपील आले. कायद्यात अडवायला जागा नव्हती, म्हणून कंपनी जिंकली. पण छागलांनी निकालपत्रात संसदेला स्पष्ट इशारा दिला, की ही वाट वाढत गेली तर एक दिवस ती लोकशाहीचा गळा आवळेल. तेव्हा मोठा पक्ष एक, कंपन्या मोजक्या, आणि देणगी मागायला येणारी माणसे खादीतली होती. तरीही त्या न्यायाधीशाला पुढचे दिसले. १९६० मध्ये कंपनी कायद्यात मर्यादा आली आणि देणगी हिशेबात दाखवण्याचे बंधन आले.

त्याआधीच्या पिढीला तर हे शिकवावे लागले नव्हते. काँग्रेसचे सभासदत्व चार आण्यांचे होते. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाचे एक कोटी रुपये जमले, तेही पावत्या फाडून.

मग १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. ऐकायला छान. पण निवडणुकीला पैसा लागतच होता, आणि तो चेकने येईना झाला तेव्हा पिशवीतून येऊ लागला. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणातली ही सर्वांत महागडी चूक. बंदी घातली, पण पर्याय दिला नाही. १९८५ मध्ये बंदी उठली, तोवर पिशवीची सवय लागून गेली होती.

त्या बंदीच्या काळातलेच मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांचे प्रकरण. इथल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. सिमेंट नियंत्रणाखाली होते. पोत्यासाठी परमिट लागे. मुख्यमंत्र्यांशी संबंधित न्यासांना बिल्डरांच्या देणग्या येत आणि बिल्डरांना सिमेंट मिळे. पत्रकार अरुण शौरी यांनी ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस ते छापले. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये देणगी आणि सिमेंट यांचा संबंध जोडून दाखवला आणि अंतुल्यांना जावे लागले. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे चालला, ते वेगळे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. संबंध जोडता आला, कारण दोन्ही बाजूंना कागद होता. देणगीची तारीख होती, परमिटची तारीख होती. दोन तारखा शेजारी ठेवल्या की बाकीचे कुणालाही कळते.

२०१७ मध्ये नेमकी ही शेजारी ठेवण्याची सोय काढून घेतली गेली. निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा, त्यावर नाव नाही, १५ दिवसांत पक्षाने वटवायचा. नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, कुणाला दिले हे कंपनीने सांगण्याचे बंधनही काढले. म्हणजे तोट्यातली कंपनी सुद्धा देणगी देऊ शकत होती. तोट्यातल्या संस्थेने देणगी दिली तर आम्ही संचालकांवर वसुली लावतो! २०१८ मध्ये पूनम अगरवाल या पत्रकार बाईंनी दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा अतिनील प्रकाशात दिसणारा छुपा क्रमांक त्यावर निघाला. थोडक्यात, सरकारी बँकेला सगळे दिसत होते, मतदाराला काहीच नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती भूषण गवई ही आपली दोन मराठी माणसे त्या पीठावर होती. छागलांचा जुना इशारा त्या निकालात पुन्हा आला. मग बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. लोकसभेची निवडणूक त्याआधी संपणार होती. न्यायालयाने ११ मार्चला नकार दिला आणि बँकेने दुसऱ्या दिवशी माहिती दिली. दप्तर शोधायला मुदत मागणारे सचिव मी खूप पाहिले. एका रात्रीत दप्तर सापडते ही जादू मात्र मला ओळखीची होती.

एकूण विक्री साडेसोळा हजार कोटींची. एप्रिल २०१९ पासूनच्या यादीत भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला १,६०९, काँग्रेसला १,४२१. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारी कंपनी, १,३६८ कोटी. सत्ता जिथे तिथे रोखे, हे केंद्रात खरे आणि राज्यांतही खरे. एका पक्षाला बोल लावून सुटका नाही.

आता तलासरीच्या लाल बावट्याच्या मंडळींकडे वळतो, कारण ती मघापासून हसताहेत. रोख्यांच्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांत असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) आणि कॉमन कॉज होते, आणि पक्ष म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष होता. त्याने रोखे घेतले नाहीत. गोदावरी आणि शामराव परुळेकर १९४५ मध्ये झरीच्या वारल्यांसमोर उभे राहिले, तेव्हापासून या भागात लाल बावटा वर्गणीवर चालतो. डहाणूतून २०१९ ला आणि २०२४ ला निवडून आलेल्या विनोद निकोले यांची २०१९ च्या शपथपत्रातली मालमत्ता पन्नास हजारांच्या आसपास होती. हे श्रेय द्यायलाच हवे. पण लगेच टाळ्या नकोत. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत हाही पक्ष होता. सहाही पक्षांनी तो आदेश आजवर पाळलेला नाही. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट यांचे एकमत झालेले असे विषय फार थोडे.

रोखे गेले. मग सगळे उजळले का? २० हजारांच्या आतल्या देणगीदारांची नावे आजही द्यावी लागत नाहीत. त्यावरच्या देणग्यांची यादी आर्थिक वर्ष संपल्यावर, शरद ऋतूत कधीतरी आयोगाकडे जाते. पालघरचे लोकसभेचे मतदान २० मे २०२४ ला झाले. त्या एप्रिल-मे महिन्यांत ज्याने पैसा दिला त्याचे नाव तुम्हाला दिसायचे ते २०२५ च्या अखेरीस. म्हणजे वरात येऊन गेल्यावर दीड वर्षाने आहेराची यादी! हिशेब वेळेवर नसेल तर तो हिशेब नव्हे, ती आठवण झाली. शिवाय इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. दहा कंपन्यांचा पैसा एका हौदात जातो आणि हौदातून पक्षांना. कुणी हौद भरला ते कळते, कुणी प्याले तेही कळते. कुणाचे पाणी कुणाच्या तोंडी गेले ते कळत नाही.

आणि पिशवी तर आहेच. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ ला, आपल्याच जिल्ह्यात विरारच्या हॉटेलात काय गोंधळ झाला तो तुम्ही मोबाईलवर पाहिलात. भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे पैसे वाटत असल्याचा आरोप बहुजन विकास आघाडीने केला. त्यांनी तो साफ नाकारला. हॉटेलातून सुमारे दहा लाखांची रोकड जप्त झाली. त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष त्या नोटांवर होते. माझे नव्हते. दहा लाख ही या धंद्यातली चिल्लर. मोठी रक्कम हॉटेलात येत नाही.

बाहेरच्या देशांचे दोन दाखले, थोडक्यात, कारण वीज जायची वेळ झाली. ब्राझीलमध्ये सरकारी तेलकंपनीची कंत्राटे आणि पक्षांचे पैसे यांचे धागे उघडे पडले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या देणग्याच बंद केल्या. आपण १९६९ मध्ये केले तेच. फरक एवढा की तिथे पक्षांना सरकारी निधीही मिळतो. दक्षिण आफ्रिकेची वाट मला जास्त पटते. तिथल्या एका नागरिक संघटनेने दावा लावला, २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितले की देणगीदार कोण हे कळल्याशिवाय मत देण्याच्या अधिकाराला अर्थ नाही, आणि एप्रिल २०२१ पासून कायदा लागू झाला. तिथे पक्षाला तिमाहीला नावे द्यावी लागतात. वर्षाने नाही, तिमाहीला. वेळेवर हिशेब देणे आपल्या मच्छीमार संस्थेला जमते, ते देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला जमू नये, असे काही त्यात अवघड नाही.

माझे मागणे छोटे आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घाला किंवा घालू नका, सरकारी निधी द्या किंवा देऊ नका. १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीपासून ते वाद चालू आहेत, चालोत. फक्त देणगीचे नाव आणि तारीख मतदानाच्या आधी फळ्यावर लिहा. पक्षाचे लेखापरीक्षण पक्षाने नेमलेल्या माणसाने न करता बाहेरच्याने करू द्या. कायदा बदलायला दिल्ली लागते, हे मला कळते.

पण एक गोष्ट दिल्लीशिवाय होते, आणि तेवढ्यासाठीच मी आज आलो. निवडणूक संचालन नियम, १९६१. त्यातला नियम ८८. उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कुणाही व्यक्तीला तपासता येतो. मतदार असण्याचीही अट नाही. प्रत हवी तर वेगळे शुल्क भरून मिळते. आपल्या मतदारसंघांतल्या उमेदवारांनी त्या मंडपाचे, त्या गाड्यांचे, त्या दोनशे पानांचे किती पैसे दाखवलेत, ते आपण बघून येऊ. वाचनालयाच्या फळ्यावर गुरुजींच्या जागी लिहू. कुणाला शिव्या न देता, शेजारी दरपत्रक लावून.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहे. येणाऱ्यांनी व्याख्यान संपल्यावर ग्रंथपालांकडे नावे द्यावीत. तपासणीचे शुल्क १ रुपया आहे. पावती घ्यायला विसरू नका.